नांगराआधीची फेरी

२०२२ च्या एप्रिलमधली गोष्ट. ज्वारीची काढणी-मळणी उरकून कडब्याची गंज लागली होती. ट्रॅक्टरवाल्याने दोन दिवसांनी येतो म्हणून सांगितलं होतं. वरच्या मुरमाड तुकड्यात हराळी किती माजलीय ते बघायला मी सकाळी लवकर गेले, तर समोरून एक टिटवी मान खाली घालून झपाझप चालत निघालेली. आवाज नाही की काही नाही. एरवी माणूस दिसला की अख्खा माळ डोक्यावर घेणारा पक्षी असा चोरपावलांनी जातोय, हे काही मला बरोबर वाटेना. ती जिकडून आली त्या बाजूला मी एकेक पाऊल टाकत गेले. अर्धा तास शोधलं. घरटं सापडलं तेव्हा माझा पाय त्याच्यापासून वीतभर लांब होता.

घरटं म्हणजे ओंजळीएवढा उथळ खळगा. कडेनं बारीक खडे आणि शेळ्यांच्या वाळक्या लेंड्या लावलेल्या. आत चार अंडी, चारही निमुळती टोकं मधोमध जुळवून ठेवलेली. रंग मुरमाचाच, त्यावर काळपट तपकिरी डाग. जागा लक्षात ठेवायची म्हणून मी मान वर करून बांधावरच्या बाभळीकडे बघितलं आणि परत खाली बघितलं, तर अंडी दिसेनात. होती तिथेच होती. माझीच नजर त्यांच्यावरून घसरत होती.

लग्न होऊन या घरात आले त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. म्हणजे चौदा उन्हाळे या मातीवरून नांगर फिरलेला मी बघितला होता, आणि त्याखाली काय काय गेलं असेल याचा विचार एकदाही मनात आला नव्हता. आमच्याकडं टिटवी ओरडली की अशुभ म्हणतात. ती कशासाठी ओरडते ते मला त्या दिवशी कळलं.

आमची शेती सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळरानापासून फार लांब नाही. ओढ्याच्या अंगाला थोडी काळी जमीन, तिथे रब्बीची ज्वारी साधते. तिथून वर जमीन हलकी होत जाते. आधी बरड, मग नुसता मुरूम. त्यात बाजरी, तूर, हुलगा, मटकी जे निघेल ते. त्याच्याही वर गावाचं गायरान, कुसळी, पवन्या आणि मारवेल गवताचं. उन्हाळ्यात तिकडे बघितलं तर करपलेला, ओसाड माळ दिसतो. सरकारी कागदातही अशा जमिनी ‘पडीक’ या नावाखालीच जातात. आणि याच पडिकावर, बरोबर मार्च ते जूनच्या रणरणत्या उन्हात, टिटव्या, धाविक, पखुर्ड्या, चंडोल अंडी घालतात. आमच्या मशागतीचे महिनेही तेच. रब्बीचं रान मोकळं झालं की नांगरून तापत ठेवायचं, वळवाचा पाऊस पडला की ढेकळं फोडायची, मृगाआधी कुळवून तयार ठेवायचं. पक्ष्यांची आणि आमची गाठ पडते ती अशी.

घरी येऊन आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “उंचावर घातलीत का खोलगटात?”

“वरंब्यावर.”

“मग पाऊस हाय औंदा,” म्हणाले आणि समाधानाने तंबाखू मळायला लागले. 

“पण आबा, परवा नांगर येतोय.”

तेव्हा त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळाने त्यांनी मला माळढोकाची गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी वरच्या माळाला माळढोक दिसायचा. नर गळ्याची पिशवी फुगवून उभा राहायचा आणि त्याचा घुमारा पहाटे लांबपर्यंत यायचा. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. “येकच,” त्यांनी बोट वर केलं. “ते गेलं की त्या सालचं सगळं गेलं.” मी माळढोक पाहिलेला नाही. १९७९ साली आमच्या भागात त्याच्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनींचे व्यवहार अडले, लोक चिडले. पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं गेलं. या सगळ्या ओढाताणीत पक्षी मात्र कमी होत गेला. २०११ पासून तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या कुळातला तणमोर २०२१ मध्ये त्याच यादीत गेला. दोघंही जमिनीवर अंडी घालणारे. टिटवी त्या यादीत नाही, ती सगळीकडे दिसते. पण माळढोकही आबांना सगळीकडेच दिसत होता.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते सांगायलाच हवं, कारण ते चुकलं. ट्रॅक्टरवाल्याला घरटं दिसावं म्हणून मी त्याच्या शेजारी एक काठी रोवली आणि वर लाल फडकं बांधलं. दिवसातून दोनदा जाऊन बघायची. नांगरताना त्याने घरट्याभोवती चारएक हाताचा चौकोन सोडला. मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर काठीच्या टोकावर कावळा बसलेला आणि खळगा रिकामा. दोन टरफलं बाजूला पडली होती. टिटव्यांची जोडी लांब ढेकळांवर उभी होती, ओरडतही नव्हती.

नंतर नान्नजला माळावर काम केलेल्या एका वनमजुरानं मला माझी चूक उलगडून सांगितली. उघड्या माळावर कावळ्याला बसायला जागा नसते, ती मी दिली. आजूबाजूचं सगळं नांगरून मधे धसकटांचा एक चौकोन सोडला, म्हणजे कुत्र्याला नि कावळ्याला नेमकी तीच जागा दाखवली. आणि मी रोज एकाच वाटेनं घरट्यापर्यंत गेले, तो वास धरून मुंगूसही आलं असतं. शेवटी त्यानं जे सांगितलं ते माझ्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. “दुपारच्याला तर जाऊच नका. ती उठली की उन्हानं अंडी शिजत्यात.” तोवर मी समजत होते की पक्षी अंड्यांना ऊब द्यायला बसतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो तेव्हा टिटवी सावली द्यायला बसते.

दुसऱ्या वर्षीपासून मी नांगराआधीची फेरी सुरू केली. पहाटे उजाडायच्या आधी बांधावर जाऊन बसायचं. हलायचं नाही. माझ्या मुलाची जुनी दुर्बीण होती, ती घेऊन जायची. सुरुवातीचे दोन-तीन दिवस काहीच कळत नाही, नुसते पक्षी इकडून तिकडे जाताना दिसतात. मग हळूहळू ध्यानात येतं की एक टिटवी परतपरत एकाच दिशेला जाते, थांबते, चोच मातीला लावल्यासारखं करते, दुसरीकडे चालते आणि आपली नजर जरा बाजूला गेली की खाली बसते. बसली की दगड. ती बसली ती जागा दोन खुणांच्या रेषेत धरायची, बाभळ आणि विहिरीचा काठ, किंवा डांब आणि मोठा धोंडा. मग एकदाच, सकाळच्या गारव्यात, लांबून चालत जाऊन खात्री करायची आणि न थांबता पुढे निघून जायचं. काठी नाही, फडकं नाही. घरट्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा पावलांवर, नांगराच्या तासाच्या दिशेत, एकेक दगड चुन्यात बुडवून ठेवायचा. ट्रॅक्टरवाल्याला एवढंच सांगायचं, या दगडापासून त्या दगडापर्यंत नांगर उचल. आणि मधला चौकोन न सोडता बांधापर्यंतचा सगळा पट्टा सोडायचा, म्हणजे तो बेटासारखा उठून दिसत नाही.

त्या वर्षी मुरमाड चार एकरात टिटव्यांची दोन घरटी सापडली. डोळ्यांपुढे लाल गाठ असलेली, आपल्या नेहमीच्या ओळखीची. तिसरं, खालच्या तुकड्याच्या कडेला, होतं पिवळ्या गाठीच्या टिटवीचं. ही जरा अंगानं बारीक, पाय पिवळे, डोक्यावर काळी टोपी, आणि पाण्यापासून लांब कोरड्या माळावर राहणारी. भारतीय उपखंडाबाहेर ती आढळत नाही. बांधाच्या गवतात तितराचं घरटं होतं, ते मला मेंढरामागच्या पोरानं दाखवलं. धाविकांची एक जोडी गायरानाच्या कडेला धावताना रोज दिसायची, तिचं घरटं मला काही सापडलं नाही. डोंबारी चंडोल मात्र इतके होते की मोजणं सोडून दिलं. नर सरळ वर चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा चढतो. त्याला डोंबारी नाव ठेवणाऱ्याची नजर मोठी.

ट्रॅक्टरवाल्याला पटवायला सोपं गेलं नाही. तो तासावर काम करतो, वळवाच्या पावसानंतर वाफसा आला की सगळ्या गावाला तो एकाच वेळी हवा असतो. “वैनी, चार अंड्यांपायी वळसा घालायचा?” म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, तास माझे मोजा, वळशाचे पैसे मी देते. वळसा किती वेळाचा झाला ते नंतर आम्ही दोघांनी बघितलं. एका घरट्यामागं पाच-सहा मिनिटं. सोडलेल्या पट्ट्यात हराळी वाढली हे खरं आहे. ती पावसाळ्यात खुरपून काढावी लागली, बायका दोन दिवस जास्तीच्या लागल्या. हे न सांगता नुसतं कौतुक सांगणं बरोबर नाही. पण मुरमाड रानाला एवढी खोल नांगरट लागतेच का, हाही प्रश्न मला त्यामुळेच पडला. पुढच्या साली ते चार एकर आम्ही नांगरलंच नाही, जूनच्या तोंडावर नुसतं कुळवलं. हुलगा दरवर्षी येतो तसाच आला.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी विहिरीजवळ चिंचेखाली बसले होते. जनावरांच्या हाळातून सांडलेल्या पाण्याचं एक थारोळं होतं. टिटवी आली, पाण्यात पोटापर्यंत उतरली आणि बसली. आधी वाटलं अंग गार करतेय. तिनं पोटाची पिसं फुलवून पाण्यात घुसळली, उठली आणि न उडता घरट्याच्या दिशेनं पळत सुटली. दुर्बिणीतून बघितलं तर घरट्यावर बसलेला जोडीदार उठला, ही ओली पिसं घेऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने जोडीदार पाण्याकडे आला. अशी त्यांची पाळी ऊन उतरेपर्यंत चालली होती. आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी हाळाच्या खालच्या अंगाला त्यांनी स्वतः कुदळीनं वीतभर खोल, उतरत्या काठाचा खड्डा केला, म्हणजे पाणी तिथे साचून राहील.

अंडी घातल्यापासून पिल्लं निघेपर्यंत अठ्ठावीस ते तीस दिवस जातात. चौथं अंडं पडल्यापासून मी कॅलेंडरवर खुणा करत होते. शेवटच्या आठवड्यात वळीव आला, शेजारच्या रानांतून ट्रॅक्टरची घरघर रात्रभर यायची. उन्हामुळे आता बरीच नांगरट रात्रीच चालते, दिव्यांच्या उजेडात. खालच्या तुकड्याचं काम त्या रात्री दुसऱ्याच एका ट्रॅक्टरला दिलं गेलं, घरात बोलणं झालं ते माझ्या कानावर आलं नाही. त्या तुकड्याच्या कडेला पिवळ्या गाठीच्या टिटवीचं घरटं होतं. चुन्याचे दगड रात्री दिसले नसणार, दिसले तरी त्यांचा अर्थ त्या माणसाला कोणी सांगितला नव्हता. सकाळी सगळं रान काळंभोर, ढेकळांनी भरलेलं. दोन्ही पक्षी त्या ढेकळांवरून चालत होते, थांबत होते, परत चालत होते. मी घरी कोणाशी बोलले नाही त्या दिवशी. नवऱ्यानं रात्री विचारलं, तेव्हा सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे नांगर लावायचा तर आधी मला विचारायचं, हे ठरलं. पहिलं घरटं गेलं तर टिटवी बहुधा पुन्हा अंडी घालते. तीन आठवड्यांनी त्याच जोडीचं असावं असं एक घरटं मला वरच्या मुरमावर दिसलं. एवढाच दिलासा.

त्या वर्षीच्या लाल गाठीच्या एका घरट्यातली मात्र चारही पिल्लं निघाली. मी सकाळी सहाला पोचले तेव्हा एक अजून ओलं होतं. बाकीची तिघं वाळून कापसासारखी झाली होती, मातकट, मानेला पांढरा पट्टा. मी पाचएक मिनिटं लांबून बघितलं असेल. मोठ्या पक्ष्यानं टरफलाचा तुकडा चोचीत धरला आणि लांब नेऊन टाकला. पांढरं आतलं अंग उन्हात चमकतं, ते शत्रूला दिसू नये म्हणून. दुपारी खळगा रिकामा होता. टिटवीची पिल्लं घरट्यात राहत नाहीत, आईबाप भरवतही नाहीत, पहिल्याच दिवसापासून ती चालून किडे टिपतात. ओरड झाली की जिथे आहेत तिथे जमिनीला चिकटतात. म्हणजे घरटं वाचवलं की काम संपलं असं नाही. उडता येईपर्यंत ती पायीच असतात, आणि हेच दिवस कुळवाचे.

धनगरांचं मी मुद्दाम सांगते. दर उन्हाळ्यात कोकणातून परतताना त्यांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तांडा, आमच्या रानात बसतो. मेंढरं रात्री बसवली की रानाला खत मिळतं. मला भीती वाटायची की तीनशे मेंढरांच्या खुरांखाली काय टिकणार. तात्यांना, म्हणजे वाड्याच्या म्होरक्याला, मी घरट्यांच्या जागा सांगायला गेले तर त्यांनीच मला दोन जास्तीच्या सांगितल्या. मेंढरं अंगावर आली तरी टिटवी उडून जात नाही, पंख पसरून समोर उभी राहते, मेंढरू बिचकून बाजूनं जातं. हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, कुठे लावायची ते त्यांनी मला विचारलं आणि जागा पन्नास पावलं सरकवली. एका शब्दाचा वाद नाही. कुत्री मात्र मोकळी असतात आणि ती अंडी खातात, तेही त्यांनी कबूल केलं. सकाळच्या वेळी ती बांधून ठेवायला लागले.

याच्या उलट अनुभव गायरानाचा आला. पडीक जमीन हिरवी करायची म्हणून तिथे खड्डे मारून झाडं लावायचं गावात ठरत होतं. ग्रामसभेत मी उभी राहिले. झाडांच्या विरोधात बोलणारी बाई म्हणजे लोकांना चमत्कारिकच वाटलं. मी सांगितलं की माळाला झाडं नसतात म्हणूनच तिथे हे पक्षी अंडी घालतात, झाड आलं की कावळा आणि शिकरा बसायला येतो, गवत जातं, गवत गेलं की शेळ्या-मेंढरांचा चाराही जातो. चाऱ्याचं बोलले तेव्हा लोक ऐकायला लागले. निम्मे खड्डे ओढ्याच्या काठाला हलवले गेले. निम्मे गायरानातच राहिले. या बाबतीत मला अजून समाधान नाही, आणि मी बोलायची थांबलेलेही नाही.

पुढे वाचनात आलं की नेदरलँड्समध्ये शेतकरी आणि स्वयंसेवक मिळून कुरणांतली टिटव्यांची घरटी शोधतात, खुणा करतात आणि यंत्र त्यांना वळसा घालून नेतात. इंग्लंडमध्ये शेताच्या मधला एखादा तुकडा टिटव्यांसाठी पीक न घेता मोकळा ठेवला तर शेतकऱ्याला सरकार त्याचे पैसे देतं. त्यांची टिटवी वेगळी, डोक्यावर लांब तुरा असलेली, हवा गार, जमीन ओली. पण नांगराचे आणि अंड्यांचे दिवस तिथेही एकाच वेळी येतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. हे मी गावातल्या पोरांना सांगते. पण वळसा घालणाऱ्याच्या हातात काही पडावं, अशी सोय मात्र माझ्या पाहण्यात नाही. ती व्हायला हवी. पाच मिनिटांचं डिझेल कोणाला जड नसतं, पण आपल्या कामाची कोणी दखल घेतली तर माणूस शेजाऱ्यालाही सांगतो.

आता आमच्या लगतची दोन रानं या फेरीत आली आहेत. आबांना चढ चढवत नाही, ते विहिरीवर बसून मोजतात आणि मी वरून आले की आधी त्यांचा आकडा सांगतात.

यंदा मेच्या अखेरीस वरचा तुकडा कुळवत होतो. मी बांधावर होते. ट्रॅक्टर अर्ध्या रानात गेला आणि मधेच थांबला. बिघडला की काय म्हणून मी धावत गेले, तर ट्रॅक्टरवाला, तोच वळशाला कुरकुरणारा, खाली उतरून चाकापुढे उकिडवा बसला होता. मागच्या फेरीच्या चाकोरीत टिटवीची दोन पिल्लं चिकटून पडली होती, चाकापासून हातभर लांब. वर मोठे दोघं गोल गोल फिरत किंचाळत होते. मी उचलायला वाकले तर तो म्हणाला, “हात नका लावू वैनी, जात्याल त्यांची ती.” त्यानं इंजिन बंद केलं. आम्ही दोघं वीसेक पावलं मागे जाऊन उभे राहिलो. वरचा आवाज थांबला, मोठी टिटवी बांधाजवळ उतरली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. आधी एक पिल्लू उठलं, चाकोरीच्या कडेवरून दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा चढलं. मग दुसरं. दोन्ही बांधाच्या गवतात शिरेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. मग त्यानं ट्रॅक्टर चालू केला. उरलेलं रान दुपारच्या आत झालं.